जेसीबी बोलावण्याआधी एक पावसाळा थांबा

भाऊ, हिंगण्याकडे दोन एकरांत बारा घरं बसवताय आणि तिथली झाडं, पशुपक्षीही टिकवायचेत, छान. पण नकाशा काढायच्या आधी जागेवर जा: एकदा मे महिन्यात, एकदा जुलैत. उन्हाळ्यात कोरडा खड्डा दिसतो, तिथेच पावसाळ्यात बेडूक ओरडत असतात. नवे लोक पहिली चूक हीच करतात. आधी जमीन सपाट करतात, मग झाडं लावतात.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- नाला पाइपात घालू नका. काठची झुडपं राहू द्या, घरं मागे सरकवा.
- जुना मोह, कडुनिंब, पळस जागेवरच ठेवा. ढोली असलेलं झाड तर अजिबात तोडू नका. धनेश पक्षी स्वतः ढोली कोरत नाही, तयार ढोलीच शोधतो. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, बारीक फट ठेवते आणि नर त्यातून तिला फळं भरवतो. रोपटं लावून ही ढोली परत मिळायला पन्नास वर्षंही कमी पडतील.
- कंपाउंडच्या भिंतीला खाली वीतभर फटी ठेवा, मुंगसाला पुरतात.
- दिवे खाली तोंड करून, पिवळसर.

लॉन टाळा, आपल्या उन्हात ते नुसतं पाणी पितं. छतावरची बाग, कृत्रिम घरटी वगैरे नंतर बघू. जागेचे फोटो आणि नाल्याची रेघ पाठवा, घरं कुठे बसतील ते मिळून पाहू.