वाचकांचे प्रश्न : चोरीचा बेत फसतो तेव्हा

मागील अंकात ब्रिटिश ‘केपर’ विनोदपटांवर, म्हणजे चोरीचा बेत, तो आखणारी टोळी आणि त्या बेताचा उडणारा बोजवारा यांवर बेतलेल्या चित्रपटांवर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ब्रिटिश समीक्षकांनी थिल्लर आणि गल्लाभरू ठरवलेला असाच एक चित्रपट मी नुकताच पाहिला. अपानवायूचे विनोद, भलत्या वेळी घसरणारी विजार, द्वयर्थी वाक्ये असे सगळे त्यात होते, आणि तरीही मी पोट धरून हसलो. माझी अभिरुची घसरली आहे, की समीक्षकांना हसताच येत नाही?

उत्तर : दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ज्या विनोदाला आपण हसलात, त्याची ब्रिटनमधील वंशावळ बरीच जुनी आहे. म्यूझिक हॉलच्या, म्हणजे गाणी आणि नकलांचे स्वस्त खेळ करणाऱ्या नाट्यगृहांच्या, रंगमंचावरून तो समुद्रकिनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या चावट पोस्टकार्डांवर आला आणि तेथून पडद्यावर उतरला. या पोस्टकार्डांचे सर्वांत प्रसिद्ध चित्रकार डोनाल्ड मॅकगिल यांना १९५४ साली लिंकन येथील न्यायालयाने अश्लीलतेच्या कायद्याखाली दंड ठोठावला. मात्र त्याआधीच, १९४१ मध्ये, जॉर्ज ऑर्वेल यांनी त्यांच्या कार्डांवर एक गंभीर निबंध लिहिला होता. प्रत्येक माणसात सेर्व्हांतेसच्या प्रसिद्ध स्पॅनिश कादंबरीतील ध्येयवेडा डॉन किहोते आणि त्याचा पोटापुरते पाहणारा सेवक सँको पांझा असे दोघेही नांदत असतात आणि ही कार्डे त्या दुसऱ्याची बाजू मांडतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्यातला सँको त्या दिवशी हसला, एवढेच म्हणता येईल, आणि त्यासाठी कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.

समीक्षक आणि प्रेक्षक यांच्यातील ही दरीदेखील नवी नाही. ‘कॅरी ऑन’ या चावट ब्रिटिश विनोदपटांच्या मालिकेकडे बहुतेक समीक्षकांनी नाक मुरडूनच पाहिले. तरीही १९५८ ते १९७८ या वीस वर्षांत तिचे ३० चित्रपट निघाले, आणि प्रेक्षकांनी तिकिटे काढल्याशिवाय असे होत नसते. समीक्षकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तो पुष्कळदा असे चित्रपट सकाळच्या खास खेळाला, वह्या उघडून बसलेल्या मोजक्या सहव्यवसायींसोबत पाहतो. आपण मात्र भरलेल्या सभागृहात पाहता, जेथे मागच्या रांगेतील एकाचे खिदळणे पाच रांगांत पसरते. असा विनोद गर्दीसाठीच रचलेला असतो. त्यामुळे दोघांनी चित्रपट एकच पाहिला असला, तरी दोघांचा अनुभव एकच होता असे मला वाटत नाही.

प्रश्न : वरील पत्रलेखकासारखे अनेक जण अशा चित्रपटांची पाठराखण करतात. मी मात्र एका चित्रपटातून मध्यंतरातच उठून आले. मसाला तोच होता, पण कोणीही हसत नव्हते. मग फरक कोठे पडतो?

उत्तर : माझ्या मते फरक विनोदाच्या पातळीत नसून चोरीच्या बेतात पडतो. १९५१ सालच्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये बँकेच्या सोन्याची वाहतूक सांभाळणारा एक पापभीरू कारकून तेच सोने लुटतो आणि ते देशाबाहेर नेण्यासाठी वितळवून त्याचे आयफेल टॉवरच्या आकाराचे कागददाब ओततो. बेत इतका चोख असतो की प्रेक्षक मनातल्या मनात त्यात सामील होतो. मग त्यांतील सहा कागददाब पॅरिसमध्ये चुकून शाळकरी इंग्रज मुलींना विकले जातात आणि खरी धावाधाव सुरू होते. येथील प्रत्येक हशा त्या बेताच्या पोटातून आलेला आहे.

पडलेल्या चित्रपटांत नेमके उलटे घडते. टोळीतील सगळेच पहिल्या प्रसंगापासून मूर्ख असतात, त्यामुळे बेत फसला तरी काही मोडल्यासारखे वाटत नाही. जे उभेच राहिले नव्हते, ते कोसळणार कसे? ती पोकळी भरून काढण्यासाठी मग विजारी घसरू लागतात. चावट विनोद लिहिणे सोपे असते हा एक गैरसमज आहे आणि तो दुर्दैवाने काही पटकथाकारांचाही असतो. चोराने चोरी अत्यंत गांभीर्याने घेतली पाहिजे, कारण तो स्वतःच हसू लागला तर प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही. आपण उठून आलात ते योग्यच केलेत.

प्रश्न : लंडनच्या गुंडांचे बोलणे मला निम्मेही कळत नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही विनोद हातून निसटतात. काय करावे?

उत्तर : उपशीर्षके लावावीत आणि कमीपणा मानू नये. गाय रिची यांच्या २००० सालच्या ‘स्नॅच’मध्ये ब्रॅड पिट यांच्या पात्राचे बोलणे त्या चित्रपटातील इतर पात्रांनाही समजत नाही, आणि विनोद त्यावरच उभा आहे. लंडनच्या ईस्ट एंडमधील कॉकनी बोलीत तर शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा दुसरा शब्दसमूह वापरण्याची रीत आहे. ‘थीफ’, म्हणजे चोर, हा ‘टी लीफ’ होतो. पुढची पायरी आणखी अवघड आहे : ‘टाइम’शी यमक जुळते म्हणून ‘बर्ड लाइम’ घेतला जातो, मग यमकाचा ‘लाइम’ गळून पडतो आणि नुसता ‘बर्ड’ उरतो, ज्याचा अर्थ तुरुंगात काढलेला काळ. पोलिसांच्या कानावर पडले तरी उमगू नये यासाठीच ही बोली घडली, असेही एक मत आहे. तेव्हा परक्या प्रेक्षकाने मनाला फारसे लावून घेऊ नये. एक मात्र सुचवतो. पहिल्या खेपेला शब्दांमागे धावण्यापेक्षा कोण कोणाला फसवत आहे एवढेच पाहावे. बेत कळला की निम्मे विनोद आपोआप कळतात.

प्रश्न : चोर पकडला जाऊ नये असे मला चित्रपटभर वाटत राहते आणि नंतर अपराधी वाटते. ब्रिटिश प्रेक्षकांना असे होत नाही का?

उत्तर : त्यांनाही होत असावे, निदान सेन्सॉरने एके काळी तशी काळजी वाहिली होती. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, या त्या काळच्या अपेक्षेमुळे वर उल्लेखलेला कारकूनही शेवटी बेड्यांत दिसतो. एवढी सोय झाली की सव्वा तास चोराची बाजू घ्यायला प्रेक्षक मोकळा.

आपला अपराधभाव मात्र मी पूर्णपणे झटकून टाकणार नाही. ८ ऑगस्ट १९६३ रोजी बकिंगहॅमशायरमध्ये टपालगाडी अडवून सुमारे २६ लाख पौंड लुटले गेले. त्या टोळीभोवती पुढे लोककथेसारखे वलय तयार झाले, पण त्याच रात्री इंजिनचालकाच्या डोक्यावर प्रहार झाला होता, ही गोष्ट त्या वलयात अडचणीची ठरते. केपर विनोदपट ही अडचण आधीच दूर करतो. लुटली जाते ती बँक किंवा एखादा श्रीमंत बदमाश, आणि जखमी होते ती केवळ टोळीची प्रतिष्ठा. म्हणूनच हसता येते.

१९६९ सालच्या ‘द इटालियन जॉब’ने तर निकालच दिला नाही. शेवटच्या दृश्यात लुटीचे सोने घेऊन निघालेली बस आल्प्समधील कड्यावर अर्धी लोंबकळत राहते. एका टोकाला सोने, दुसऱ्या टोकाला टोळी. प्रेक्षकांनी हे कोडे इतके मनावर घेतले की जवळपास ४० वर्षांनी, २००८ मध्ये, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या संस्थेने त्यावर स्पर्धा जाहीर केली. सोने मालकाला परत कसे करावे, हा तिचा विषय नव्हता; ते बसमधून सुखरूप कसे काढावे, हा होता.