डोसच्या गणिताची धास्ती

अगं, दहावीला गणितात काठावर पास झालेली मी, आज बावीस वर्षं वॉर्डात औषधं देतेय. तूही देशील.

आधी एवढंच घोटून घे: 1 ग्रॅम म्हणजे 1000 मिलिग्रॅम, 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. नव्या मुली सूत्रात कमी, इथेच जास्त चुकतात.

मग उदाहरण. ऑर्डर 200 मिलिग्रॅमची, पॅरासिटामॉल सिरपवर लिहिलंय 5 मिलीत 125 मिलिग्रॅम. 200 भागिले 125, गुणिले 5: 8 मिली. उत्तर 80 आलं तर हात थांबलाच पाहिजे. अख्खी बाटलीच बहुतेकदा 60 मिलीची असते!

- .5 नको, 0.5 लिही. टिंब पुसट झालं की डोस दहापट.
- अडलं तर सिस्टरांना विचार, ओरडल्या तरी.

सलाईनचे थेंब पुढच्या महिन्यात बघू.