वाचकांचे प्रश्न : जैवभारापासूनची वीज अक्षय कशी?

प्रश्न : कोळशाप्रमाणेच लाकूड किंवा पेंढा जाळला तरी कार्बन डायऑक्साइड निघतो. मग जैवभारापासून मिळणाऱ्या विजेची गणना अक्षय ऊर्जेत का होते? शिवाय काडीकचरा एवढा मुबलक असताना ही वीज इतकी थोडी का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. धुराड्यापाशी मोजले, तर तेवढ्याच विजेमागे लाकडातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षा बहुधा अधिकच भरतो. फरक आहे तो परतफेडीच्या मुदतीत. पेंढ्यातला कार्बन त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो आणि पुढचे पीक तो पुन्हा शोषून घेते. मोठे झाड तोडून जाळले, तर तेवढे झाड पुन्हा उभे राहायला काही दशके जातात. त्यामुळे जैवभार म्हटला की तो अक्षयच, असे मी म्हणणार नाही; काय जाळले आणि त्या जागी काय उगवले, हे आधी विचारावे.

दुसऱ्या प्रश्नाची गोम ओलाव्यात आहे. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून 18 ते 19 मेगाज्यूल उष्णता मिळते. ताज्या लाकडाचे मात्र सुमारे निम्मे वजन पाण्याचेच असते आणि त्या पाण्याची वाफ करण्यातही उष्णता खर्ची पडते, म्हणून हाती जेमतेम 8 मेगाज्यूल उरतात. लहान केंद्रात उष्णतेच्या साधारण पाव हिश्शाचीच वीज होते. म्हणजे चांगले वाळलेले लाकूड घेतले तरी किलोमागे एक युनिट, आणि 1 मेगावॅटच्या केंद्राला तासाला सुमारे 1 टन इंधन. पेंढा तर इतका फुसफुशीत, की गाडी गच्च भरते पण वजन भरत नाही. तो मिळतो सुगीच्या काही आठवड्यांत आणि लागतो वर्षभर. त्यातच त्याच्या राखेत पोटॅशियम आणि क्लोरीन असल्याने ती कमी तापमानालाच वितळते, बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर धरते आणि नळ्या गंजतात.

उसाच्या बगॅसमध्येही, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यातही, निम्मे पाणीच असते, तरी साखर कारखान्यांना तो परवडतो; कारण तो गाळपातून बॉयलरच्या दारातच येऊन पडतो आणि टर्बाइन फिरवून झालेली वाफ पुढे रस आटवायला वापरता येते.