दुसरीचा वर्ग मांडताना: तक्ते विकत घ्यायच्या आधी

पहिल्यांदाच दुसरीचा वर्ग मिळालाय, शाळा सुरू व्हायला आठवडा उरलाय आणि भिंती कोऱ्या आहेत. तयार तक्ते कोणते घ्यावेत, जंगल किंवा अंतराळ अशी थीम धरून वर्ग सजवावा का, साहित्य काय काय करून ठेवावं आणि सगळ्याला लॅमिनेशन करावं का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या क्रमाने नाही, पण चारही प्रश्नांची उत्तरं देते. जरा लांबेल.

तक्ते आत्ता जवळजवळ काहीच घेऊ नका. कोऱ्या भिंतींची लाज वाटू देऊ नका. मुलं आणि तुम्ही मिळून जे शिकाल ते त्या भिंतीवर चढत जायला हवं, आणि त्यासाठी आधी जागा हवी. जूनमध्येच भिंत भरून ठेवली की ऑगस्टमध्ये खरा उपयोगाचा तक्ता लावायला कोपरासुद्धा मिळत नाही, आणि लावलाच तर त्या गर्दीत तो कुणाला दिसत नाही.

ही माझी एकटीची आवड नाही. 2014 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांनी बालवर्गातल्या 24 मुलांवर एक प्रयोग केला. विज्ञानाचे सहा छोटे पाठ होते. तीन पाठ तक्त्याचित्रांनी गच्च भरलेल्या खोलीत झाले, तीन जवळपास कोऱ्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचा 38.6 टक्के वेळ लक्ष भरकटण्यात गेला, कोऱ्या खोलीत 28.4 टक्के. पाठावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं आली 42 टक्के विरुद्ध 55 टक्के. मुलं थोडी, वयाने लहान आणि खोली प्रयोगाची, त्यामुळे एवढ्यावरून सगळं उतरवून टाका असं कुणी म्हणू नये. पण दुसरी बाजूही तपासली गेली आहे. 2015 मध्ये सॅलफर्ड विद्यापीठाने इंग्लंडमधल्या 153 प्राथमिक वर्गांचा अभ्यास मांडला, त्यात 3,766 मुलं होती. तिथे अगदी उघडाबोडका वर्गही मागे पडला आणि भडक भरलेलाही. त्यांनी सुचवलेलं प्रमाण मला फार सोयीचं वाटतं: भिंतीचा 20 ते 50 टक्के भाग मोकळा ठेवा.

त्याच अभ्यासात मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला 16 टक्के खोलीच्या रचनेशी जोडता आला, आणि त्यातला जवळपास अर्धा वाटा उजेड, तापमान आणि हवा यांचा निघाला. म्हणजे खिडकीच्या काचेवर रंगीत कागद चिकटवणं हा सगळ्यात महागात पडणारा सजावटीचा प्रकार. खिडक्या पुसा, त्यांच्यासमोरचं कपाट हलवा. तक्त्यांवर घालवायच्या दोन दिवसांपैकी एक तरी इथे घालवा.

थीमचं उत्तर यातच आलं. दारावर एक वाघ चालेल. पण आठवडाभर बसून झालर कापायची, पानंवेली चिकटवायच्या, आणि पहिल्या दिवशी "किती छान" म्हणून झालं की चौथ्या दिवसापासून त्याकडे कुणी बघत नाही, हे मी बरेचदा पाहिलंय. (पालकांना पहिल्या दिवशी रंगीत वर्ग आवडतो, हे खरं. त्यांच्यासाठी वर्गाबाहेरची व्हरांड्यातली भिंत वापरा.)

आता भिंतींची वाटणी. काही लावण्याआधी मुलांच्या जागी बसून बघा: पहिल्या ओळीत, शेवटच्या ओळीत, दोन्ही कडांना. फळ्याच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा कोरी राहू द्या, कारण तुम्ही शिकवत असताना सगळे डोळे तिथेच असतात. समोर फक्त दिनक्रम हवा, तोही सुट्या कार्डांचा: भाषा, गणित, खेळ, सुट्टी. झालेलं कार्ड एखाद्या मुलाने काढून खालच्या खिशात टाकायचं. "सुट्टी कधी?" हा प्रश्न निम्म्याने कमी होतो, आणि पुढे काय होणार हे कळलं नाही की बिथरणाऱ्या मुलांना तर याचा फार आधार वाटतो.

बाजूच्या भिंती कामाच्या. एक गणिताची, एक भाषेची. मागची भिंत मुलांच्या कामाची. उंचीचं म्हणाल तर दुसरीतल्या मुलाचे डोळे उभं असताना जमिनीपासून साधारण 110 सेंमीवर असतात. आपण मात्र आपल्या डोळ्यांच्या रेषेत तक्ते लावतो आणि मुलं वर्षभर माना वर करून बघतात, किंवा बघतच नाहीत. हात लावून वापरायची गोष्ट असेल तर ती याहून खालीच हवी.

अक्षराच्या आकारासाठी पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशोब लावा: तीन मीटर अंतराला अडीच सेंमी अक्षर. शेवटचं मूल सहा मीटरवर बसत असेल तर अक्षर पाच सेंमीचं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणजे एका ओळीला नऊ-दहा सेंमी धरा. पूर्ण कार्डशीटवर सहा-सात ओळींच्या पुढे काही मावत नाही, आणि मावू नयेच. बाजारातल्या एका तक्त्यावर चाळीस चित्रं आणि चाळीस शब्द असतात. ते भिंतीवर लावायचं साहित्य नव्हे, फार तर चार मुलांनी टेबलावर पसरून बघायचं. विकत घेतलाच तर लावण्याआधी शब्द न शब्द वाचून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका छापील तक्त्यांवर सर्रास असतात आणि मुलं तेच खरं मानतात.

गणिताच्या भिंतीवर पहिल्या दिवशी एकच गोष्ट लावा: 0 ते 100 ची संख्यापट्टी. एका घराला पाच सेंमी दिले की बरोबर पाच मीटर होते. मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, दशक ठळक. त्यावर सरकवायला कपड्याचे दोन चिमटे. आपल्याकडे एकोणतीस ऐकून 39 लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात भेटतात. त्यांना तिसावर बोट ठेवून एक घर मागे यायला सांगा, दुसरं काही समजवावं लागत नाही.

पाढ्यांचा तक्ता मात्र कायम उघडा ठेवू नका. समोर उत्तर दिसत असेल तर मूल आठवायचे कष्ट कशाला घेईल? उत्तरांच्या रकान्यावर कागदाची झडप लावा. आधी सांगायचं, मग झडप उचलून बघायचं.

साहित्यात आठवडाभरात एकच गोष्ट करायची झाली तर काड्यांचे गठ्ठे करा. जोडीमागे 100 काड्या आणि दहा रबर बँड, वर दोन जास्तीचे, कारण ते तुटतात. चाळीस मुलं असतील तर निम्मा वर्ग साहित्यावर आणि निम्मा वहीवर अशी पाळी लावा. मग दहा संच पुरतात, म्हणजे हजार काड्या. गठ्ठे तुम्ही बांधत बसू नका. पहिल्या आठवड्यात मुलांपुढे ढीग ओता आणि दहा-दहाचे बांधायला लावा. तो गणिताचाच तास आहे.

दुकानात दशकासाठी प्लास्टिकचे अखंड दांडे मिळतात. ते दिसायला नेटके, पण सुरुवातीला काड्याच बऱ्या. 42 मधून 17 वजा करायचेत. मुलापुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. सात काढायच्या, सुट्या तर दोनच. मूल थांबतं, तुमच्याकडे बघतं. तुम्ही गप्प राहायचं. थोड्या वेळाने ते एका गठ्ठ्याचा रबर ओढून काढतं. आता तीन गठ्ठे आणि बारा सुट्या. सात बाजूला, पाच उरल्या. मग एक गठ्ठा बाजूला, दोन उरले. पंचवीस. "दशक सुटा करणे" म्हणजे काय ते बोटांनी झालं. प्लास्टिकचा दांडा फुटत नाही, तो बदलून दहा सुटे आणावे लागतात. ती पुढची पायरी आहे, काड्यांवर हात बसल्यावर घ्या.

दुसरं, एकावर एक बसणारी संख्याकार्डं. एककाचं कार्ड एक पट रुंद, दशकाचं दुप्पट, शतकाचं तिप्पट. 100 च्या कार्डावर उजव्या कडेला 5 ठेवलं की 105 दिसतं. "एकशे पाच" ऐकून 1005 लिहिणाऱ्या मुलाला कार्ड उचलून खालचे शून्य दाखवता येतात. जाड पुठ्ठ्याची एका दुपारी होतात.

घड्याळ पुठ्ठ्याचं करू नका. त्याचे काटे वेगवेगळे फिरतात, मग साडेतीनला मूल तासकाटा बरोबर तीनवरच ठेवतं आणि ते डोक्यात पक्कं बसतं. घरोघरी एखादं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ असतं. त्याची पुढची काच आणि सेल काढून टाका, सेकंदकाटाही काढा. मागची कळ फिरवली की मिनिटकाट्याबरोबर तासकाटाही सरकतो.

भाषेच्या भिंतीवर सुरुवातीला मुलांची नावं. बाकी काही नाही. स्वतःचं नाव वाचता आलं की मूल शेजाऱ्याचं वाचतं, मग "माझ्या नावातला म हिच्याही नावात आहे" इथून गाडी आपोआप पुढे जाते. शब्दभिंत त्यांच्या वह्यांमधून भरा: आठवड्याला पाचच शब्द, जे या आठवड्यात चुकले तेच. सगळ्यांना यायला लागले की उतरवा. उतरवण्याचाही छोटा सोहळा करता येतो, मुलांना तो चढवण्यापेक्षा जास्त आवडतो. घ-ध, भ-म, थ-य या जोड्यांची कार्डं वेगळी करा, अक्षर मोठं आणि फरकाची जागा तेवढी ठळक केलेली. फरक फक्त लाल-हिरव्या रंगाने दाखवू नका. काही मुलांना तो दिसत नाही, आणि दुसरीत हे अजून कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

वाचनकोपऱ्यात पुस्तकं उभी रचू नका, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवा. एका वेळी पंधरा-वीस पुरेत, बाकीची कपाटात. पंधरवड्याने अदलाबदल केली की जुनीच पुस्तकं नवी होऊन येतात.

दार, खिडकी, फळा अशा चिठ्ठ्या चिकटवायची पद्धत आहे. दाराला दार म्हणतात हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे ती चिठ्ठी कुणी वाचत नाही. वाचायला कारण असलेली चिठ्ठी लावा. डब्यावर "कात्री – 12". मग तास संपल्यावर दोघं मोजतात, अकरा भरतात, शोधाशोध होते, बारावी दप्तराखाली सापडते. वाचनही झालं आणि कात्रीही मिळाली.

आणि इथे माझं सगळ्यात ठाम मत: साहित्य किती आहे यापेक्षा ते मुलाला स्वतः घेता आणि ठेवता येतं का, हे बघा. कुलपातल्या कपाटातलं साहित्य तपासणीच्या दिवशी बाहेर येतं. उघडे, उथळ ट्रे, कमरेच्या उंचीचा कप्पा, जड वस्तू सगळ्यात खाली. प्रत्येक संचाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक त्यातल्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर लिहा. संध्याकाळी झाडताना जमिनीवर सापडलेलं कार्ड चौथ्या पिशवीतलं की सातव्या, हे कुणालाही कळतं. क्रमांक नसलेल्या सुट्या तुकड्यांसाठी एक डबा ठेवा आणि आठवड्यातून एकदा तो मुलांसमोरच रिकामा करा.

मागच्या भिंतीवर दोन दोऱ्या ताणा, प्रत्येक मुलाच्या नावाची एक क्लिप. काय लावायचं ते मुलानेच ठरवायचं, बदलायचं तेव्हा बदलायचं. फक्त सुंदर हस्ताक्षराचे कागद लावले की तीच सहा मुलं वर्षभर भिंतीवर राहतात. ताऱ्यांचे आणि वर्तनाचे तक्ते मी लावत नाही. कुणाला किती तारे कमी पडले हे मुलांना तक्त्याशिवायही पाठ असतं.

टाचण्या वापरू नका, त्या मुलं बसतात तिथेच पडतात. स्विचबोर्डाजवळ आणि दारावरून लोंबणारा कागद नको.

राहिलं लॅमिनेशन. रोज हाताळायची कार्डं करून घ्या, भिंतीवरचे तक्ते नको. चकचकीत तक्त्यावर खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला की एका कडेच्या मुलांना त्यावर नुसता पांढरा पट्टा दिसतो. शिवाय लॅमिनेशन केलेला तक्ता काढून टाकायला आपलं मन होत नाही, मग तो तिसरीत गेलेल्या मुलांच्या धाकट्या भावंडांपर्यंत तसाच टिकतो. साधा कागद, पेन्सिलीने आखलेली ओळ, जाड मार्कर एवढं पुरे. कार्डं कापताना कोपरे गोल करा आणि प्लास्टिकची कड कागदाच्या बाहेर तीन-चार मिलिमीटर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पदर सुटतात.