अमेरिकन रॅपर नासचा पहिला अल्बम 'इलमॅटिक' आज ऐकण्यासारखा वाटतो का?

वाटतो म्हणजे काय, ऐकाच! जेमतेम ४० मिनिटांचा आहे. १९९४ साली तो आला तेव्हा न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीत वाढलेला नास अवघा विशीचा होता. मला सगळ्यात भिडलं 'वन लव्ह'. तुरुंगातल्या दोस्ताला पत्र लिहितोय: तुला मुलगा झालाय, तुझ्यासारखाच दिसतो म्हणे, पण बायको तुला पत्र का लिहीत नाही? कुठेही रडारड नाही. एका गाण्याच्या शेवटी त्याचे वडील ओलू दारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवतात. तेवढा तुकडा मी मागे नेऊन परत लावतो. पाहुणा रॅपर एकच, एझी. बोलीभाषा पहिल्या झटक्यात डोक्यावरून जाते, त्यामुळे शब्द समोर ठेवा. नाचायला काही हवं असेल तर मात्र दुसरं बघा.