एका सेकंदात बारा चित्रं

प्रश्न : बाई, माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या हट्टापायी आम्ही घरी ‘माय नेबर तोतोरो’ हा जपानी ॲनिमेशन सिनेमा बघितला. तो वेडावलाय, मला मात्र कळेना, यात एवढं आहे काय? गोष्ट म्हणावी तर फारसं काही घडतच नाही. शिवाय हल्ली फोटो टाकला की मोबाइल मिनिटभरात तसलंच जपानी वळणाचं चित्र काढून देतो. मग हाताने काढण्याचं एवढं कौतुक कशाला?
– एक पालक, डिचोली

उत्तर : मी तुमच्या मुलाच्या बाजूची, हे आधीच सांगून टाकते.

मोबाइल तुमच्या हातात एक चित्र ठेवतो. सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) पळतात, आणि त्या कशा भरायच्या इथून खरं काम सुरू होतं. जपानी चित्रकार बहुधा एक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवतात. म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं. कुठे बारा, कुठे आठ आणि कुठे एकच चित्र तसंच धरून ठेवायचं, हे मुख्य ॲनिमेटर ठरवतो. हालचालीतल्या मोक्याच्या अवस्था तो स्वतः काढतो, मधली चित्रं दुसरे हात भरतात. मधली चित्रं दाटीने आली की हालचाल मंदावते, विरळ आली की तिला झपाटा येतो. पात्राचं वजन, आळस, धांदल सगळं त्या दाट-विरळपणातून दिसतं. रेष सुंदर हवीच, पण माझ्या मते निम्म्याहून जास्त कला या वाटणीत आहे.

हायाओ मियाझाकींच्या या १९८८च्या सिनेमातला बसथांबा आठवा. रात्र पडत आलेली, पाऊस, बाबांची बस येत नाही. धाकटी मेई पेंगते, थोरली सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. एक बेडूक रस्त्यावरून सावकाश जातो. बराच वेळ जवळजवळ काहीच हलत नाही. तुम्हाला इथेच ‘काही घडत नाही’ असं वाटलं असणार! पण पाठीवर झोपलेलं पोर सावरताना सात्सुकी कशी वाकते ते बघा. तेवढ्यात पोराचं ओझं आपल्याला कळतं. मग छत्रीखालून आधी नख्यांचे पाय दिसतात, तोतोरो नावाच्या त्या अवाढव्य केसाळ प्राण्याचे. सात्सुकी तोतोरोला बाबांची छत्री देते, झाडावरचे थेंब छत्रीवर टपटपतात आणि त्या आवाजाने तो चक्क मोहरतो. पाऊस थांबल्यावरही फणसाखाली आपल्याकडे सर येतच राहते ना, ती मजा त्याला पहिल्यांदाच कळलेली असते. मग तो एक उडी मारतो आणि आजूबाजूच्या सगळ्या झाडांवरचं पाणी एकदम कोसळतं. आधीची ती स्तब्धता नसती, तर या उडीला काय किंमत होती?

मागची झाडं-शेतं काझुओ ओगा यांच्या देखरेखीखाली रंगली. माध्यम म्हणाल तर पोस्टर कलर, आपल्या शाळेतल्या पोरांचेच. पायवाटेची माती बघा, तांबूस-तपकिरी. तोक्योजवळचा तो भाग ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या मातीचा आहे. आमचे विद्यार्थी माती म्हटली की ब्राऊनची बाटली उघडायचे, आणि खिडकीबाहेर लालभडक जमीन! असो.

मुलासोबत एक खेळ खेळा. त्या काळात हलणाऱ्या गोष्टी पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांवर, म्हणजे ‘सेल’वर, मागच्या बाजूने सपाट रंग भरून तयार करत आणि रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून त्यांचा फोटो घेत. त्यामुळे उघडणार असलेलं दार किंवा उचलला जाणारा दगड बाकीच्यापेक्षा किंचित वेगळा, सपाट दिसतो. पुढे काय हलणार ते आधीच ओळखता येतं.

संगणक मियाझाकींनी दूर ठेवला असं मात्र नाही. १९९७च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’त काही भाग संगणकावर रंगला, १९९९पासून त्यांच्या स्टुडिओ जिबलीत सेल जवळजवळ गेलेच. पण पेन्सिल आणि कागद राहिले. २००८च्या ‘पोन्यो’त समुद्राच्या लाटासुद्धा हाताने काढलेल्या आहेत.

आणि वेळ! आपले व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांतल्या गर्दीत प्रत्येकाचं नाक वेगळं, पोट वेगळं. आता ती सगळी माणसं धावायला लावा. मियाझाकींच्याच ‘द विंड रायझेस’मध्ये जपानमधल्या १९२३च्या भूकंपात पळणाऱ्या गर्दीचा जेमतेम चार सेकंदांचा तुकडा आहे. तो काढायला एका ॲनिमेटरला सव्वा वर्ष लागलं. कोण कोणाला धक्का देईल, कोण गाठोडं सोडणार नाही, हे त्याने माणसागणिक ठरवलं. मोबाइलवरच्या चित्रात कोणीच काही ठरवलेलं नसतं. ते गोंडस दिसतं, मी नाकारत नाही. माझ्या भाचीने माझंही एक करून पाठवलं होतं. पुन्हा उघडून बघावंसं वाटलं नाही.

प्रश्न : आमचे सासरे जपानी सिनेमा म्हटलं की उठून जातात. चतुर्थीला सगळे एकत्र असतात, तेव्हा त्यांना बसवता येईल असं काही?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ लावा. युगो साको आणि आपले राम मोहन यांचा १९९२चा भारत-जपान सिनेमा, संगीत वनराज भाटियांचं. जानेवारी २०२५मध्ये तो झळझळीत करून आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला होता. जपानी आहे हे सासऱ्यांना शेवटी सांगा. रथ, वानरसेना, लंका, सगळं हाताने काढलेलं. कुंभकर्ण उठतो तेव्हा मुलांना आणि त्यांना एकाच सतरंजीवर बसवा.

प्रश्न : मुलीला ॲनिमेशन शिकायचंय, सहावीत आहे. महागडा टॅब्लेट मागते. घ्यावा का?
– एक आई, फोंडा

उत्तर : नको. जुनी वही द्या. पानांच्या कोपऱ्यात उसळणारा चेंडू काढून पानं फडफडवायला सांगा. मग तोच चेंडू रबराचा न वाटता नारळासारखा जड वाटला पाहिजे, असं सांगा. यात तिचे काही महिने जातील. नारळ नीट आपटायला लागला की मांजर काढायला लावा. टॅब्लेटचं दहावीनंतर बघू.