एक कण धर आणि त्याच्या मागे जा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जीवशास्त्राची प्रकरणं सगळी वाचून झाली, व्याख्या पाठ आहेत, पण दोन प्रकरणं जोडणारा प्रश्न आला की हात थांबतो, असं तू लिहिलंस. प्रवेश परीक्षेत असेच प्रश्न गुण ठरवतात, त्यामुळे तुझी काळजी रास्त आहे. पुस्तकात प्रकाशसंश्लेषण, पचन, श्वसन, रक्ताभिसरण असे कप्पे पाडावे लागतात, कारण सगळं एकदम सांगता येत नाही. सजीवांत तसे कप्पे नसतात. ते मोडायचा मला सर्वांत खात्रीचा वाटणारा मार्ग म्हणजे एखादा कण धरायचा आणि तो कुठून कुठे जातो ते शेवटपर्यंत बघायचं.

कार्बनपासून सुरुवात कर. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने सुमारे सव्वादोन किलोचं विलोचं रोप कुंडीत लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७७ किलोचं झालं, माती मात्र ६० ग्रॅमपेक्षाही कमी घटली. झाड पाण्यातून बनलं असा निष्कर्ष त्याने काढला. पाण्याचा वाटा खराच होता, पण लाकडातला कार्बन हवेतून आला होता. हे मनात नीट बसलं की केल्व्हिन चक्र, म्हणजे हवेतल्या कार्बनची शर्करा करणारी प्रक्रिया, तुला पाठ करायचं ओझं वाटणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड रुबिस्को हे विकर पकडतं, त्याची शर्करा होते, शर्करेचं स्टार्च होतं.

आता तोच कार्बन पुढे ने. कुणीतरी तो स्टार्च खाल्ला. लहान आतड्यापर्यंत त्याचा ग्लुकोज झाला, तो रक्तात शिरला आणि आधी यकृताकडे गेला. तिथून पेशीत. पेशीद्रवात ग्लुकोजचे दोन तुकडे झाले, प्रत्येकी तीन कार्बनचे पायरुव्हेट. ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, गेले आणि त्यांच्यातला कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला. रक्तातून तो बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात फुप्फुसाकडे गेला आणि उच्छ्वासातून हवेत. एका कागदावर हा प्रवास काढलास तर पाच-सहा प्रकरणं त्यात येतील.

इथे जरा थांब, कारण हुशार मुलंही इथे चुकतात. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन कुठे जातो? बहुतेक जण सांगतात, कार्बन डायऑक्साइडमध्ये. तसं नाही. तो मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे देणाऱ्या रेणूंच्या साखळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या, टोकाला इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजन आयनांशी जोडला जातो आणि त्याचं पाणी होतं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि क्रेब्स चक्रात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात कार्बन सुटा करणाऱ्या अभिक्रियांच्या फेऱ्यात, वापरल्या गेलेल्या पाण्यातून येतो. वनस्पतींच्या क्लोरोप्लास्टमध्ये (हरितलवकात) नेमकं उलट घडतं: पाणी फुटतं आणि त्यातून ऑक्सिजन बाहेर पडतो. रुबेन आणि केमेन यांनी १९४१ मध्ये ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून हे दाखवलं. या दोन प्रक्रिया शेजारी शेजारी ठेवून वाच. आणि हे विसरू नकोस की वनस्पतींनाही मायटोकॉन्ड्रिया असतात, त्या दिवसाही श्वसन करतात.

आकड्यांच्या बाबतीतही पाठांतरावर थांबू नकोस, त्यांना प्रश्न विचार. मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव गाळतात, म्हणजे दिवसाला १८० लिटर. लघवी होते साधारण दीड लिटर. शरीरात रक्तद्रव आहे जेमतेम तीन लिटर. म्हणजे तोच द्रव दिवसातून साठेक वेळा गाळला जातो आणि जवळपास सगळा परत घेतला जातो. त्यातला ग्लुकोज परत घ्यायचं काम वाहक प्रथिनं करतात आणि त्यांची क्षमता ठरलेली असते. रक्तातला ग्लुकोज त्या क्षमतेपलीकडे गेला की तो लघवीत उतरतो, सोबत पाणी ओढून नेतो, म्हणून मधुमेहात लघवी जास्त होते आणि तहान लागते. उत्सर्जन, पेशीपटल, परासरण, इन्सुलिन सगळं एका धाग्यात आलं.

वर्गीकरणाला मात्र असा आडमार्ग नाही. तिथे नावं आणि लक्षणं पाठच करावी लागतात. रोज थोडं कर, बस.

तुझा सर्वांत जास्त वेळ मी मायोसिसला, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करून युग्मकं (अंडपेशी, शुक्रपेशी) तयार करणाऱ्या विभाजनाला, देईन. मेंडेलने १८६६ मध्ये आनुवंशिकतेवरचा निबंध छापला तेव्हा गुणसूत्रांची भूमिका कुणालाच माहीत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सटन आणि बोव्हेरी यांनी मेंडेलचे नियम गुणसूत्रांशी जोडले. त्यामुळे अनुवंशशास्त्राचं प्रकरण मायोसिसच्या आकृतीशिवाय कधीच उघडू नकोस. दोन रंगांच्या पेन्सिली घे, गुणसूत्रांच्या दोन जोड्या काढ आणि पुस्तक मिटून पूर्ण विभाजन काढ. पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रं (जोडीतली दोन) वेगळी होतात, दुसऱ्यात भगिनी क्रोमॅटिड (एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती). जोड्या मध्यरेषेवर दोन प्रकारे उभ्या राहू शकतात, हे स्वतः काढून पाहिलंस की दोन गुणांच्या संकरातलं ९:३:३:१ हे प्रमाण कुठून येतं ते दिसेल. माणसाच्या २३ जोड्या धरल्या तर केवळ या मांडणीतून ८३ लाखांहून अधिक प्रकारचे युग्मक संभवतात, जनुकांची अदलाबदल तर वेगळीच.

उत्क्रांतीच्या प्रश्नांत 'गरज पडली म्हणून बदल झाला' असा पर्याय दिसला की सावध हो. प्रतिजैविकामुळे जीवाणूंना प्रतिकार करावासा वाटत नाही. प्रतिकार देणारं उत्परिवर्तन काही जीवाणूंत आधीच असतं, औषधाने बाकीचे मरतात आणि हे उरतात. लुरिया आणि डेलब्रुक यांच्या जीवाणूंवरच्या १९४३ च्या प्रयोगातून उत्परिवर्तनं निवडीच्या आधीच घडलेली असतात हे दिसलं, तो प्रयोग जरूर वाच.

सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवशील तेव्हा बरोबर पर्यायावर खूण करून पुढे पळू नकोस. उरलेले तीन का चुकीचे, हे प्रत्येकी एका ओळीत लिही. वेग आधी कमी होईल, होऊ दे. 'सर्व', 'फक्त', 'नेहमी' हे शब्द असलेली विधानं तपासताना अपवाद आठव: सस्तन प्राण्यांच्या परिपक्व लाल पेशींत केंद्रक नसतं, आणि जीवाणूंना मायटोकॉन्ड्रिया नसूनही त्यांच्यातले अनेक ऑक्सिजन वापरून श्वसन करतात.

पुढच्या पत्राआधी एक काम कर. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, त्यांच्या संकरातून झालेल्या खेचराची ६३. खेचर धडधाकट वाढतं, पण त्याला पिल्लं जवळजवळ कधीच होत नाहीत. मायटोसिसला, म्हणजे शरीर वाढवणाऱ्या साध्या पेशीविभाजनाला, चालतं ते मायोसिसला का चालत नाही, हे आकृतीसह लिहून पाठव.

तुझे सर